दीड वीत उजवीकडे

मु. वाडी, शिनोलीच्या पुढे, ता. आंबेगाव
५ डिसेंबर २०२४

चि. आशा हिस दाजीचे आशीर्वाद.

तुझी ताई जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून तुला एक ओळ टाकली नाही, आणि आज टाकतोय तीही कामापुरती. म्हणून आधीच कान धरतो. फोन का केला नाही म्हणशील, तर तुला ऐकू येत नाही आणि आमच्या वाडीत रेंज येत नाही. देवानं जोडी बरी जमवली!

काम असं आहे. निवडणुकीपायी घोडेगावच्या ठाण्यात जमा केलेली बंदूक परवा घरी आणली. तीच, सयाजीआजोबांची, ठासणीची. बाहेरून साधी दिसते, पण नळीत तीन आटे पाडलेले आहेत. त्या आट्यांतून गोळी गरगरत जाते आणि सरळ जाते, असं आजोबा सांगायचे. आमच्या यात्रेचा रिवाज तुला ठाऊकच आहे. ओढ्यापलीकडं दरडीपुढं खांबाला नारळ टांगायचा, अलीकडून शंभर पावलांवरून आमच्या घरच्या गोळीनं तो फोडायचा, मगच भैरवनाथाची पालखी उठते.

आशा, अकरा वर्षं झाली, माझ्या हातून नारळ फुटला नाही. मी चुकलो की कुणीतरी पोरगं जाऊन दगडानं फोडतं आणि पालखी निघते. यंदा कमिटीतला शौर्य म्हणाला, “बाबा, यंदा शेवटचं. न्हाई फुटला तर फुडल्या सालापास्नं आमी आपटबार लावू. लोकं हसत्यात.”

हसू देत. नारळाचं मला फारसं काही नाही. पण बंदूक न्यायला गाव हलगी वाजवत माझ्या दारात येतं. वर्षातून तेवढं एकदाच. बाकी तीनशे चौसष्ट दिवस या दाराच्या कडीला माझाच हात लागतो. मान गेला तर तोही एक दिवस गेला. पोरगा सुदर्शन म्हणतो, बंदूक सरकारजमा करा आणि चाकणला या. त्याच्या तिसऱ्या मजल्यावर मी काय करू, लिफ्ट मोजू?

तू दारूगोळ्याच्या कारखान्यात उभा जन्म गोळ्यांची मापं तपासलीस. डोळ्यातला मोती काढून झालाय, हात अजून थरथरत नाही. मग गोळी जाते कुठं? सुचेल ते लिही.

तुझा
सावळाराम दाजी

•

भुसावळ
१७ डिसेंबर २०२४

दाजी, नमस्कार.

पत्र मिळालं. हे वाचताना बंदूक जवळ असेल तर आधी ती रिकामी आहे याची खात्री करा. चापाखालची टोपी काढलेली असली तरी गज आत घालून खोली बघा. मग पुढं वाचा.

माझं काम चाचणीच्या मैदानावर होतं, आणि कान तिथंच ठेवून आले. गोळी का चुकली हे तिथं कुणी अंदाजानं सांगितलं तर आमचे साहेब त्याला बाहेर उभं करायचे. तेव्हा मीही अंदाज करणार नाही. याची उत्तरं द्या:

दारू किती घालता आणि कशानं मोजता? गोळी कुठली, वजन किती? गोळीभोवती कापड कुठलं गुंडाळता? प्रत्येक बाराच्या मध्ये नळी पुसता का?

आणि नळीच्या तोंडाला शिक्क्याची शाई लावून कोऱ्या कागदावर ठसा उमटवून पाठवा. तीन-चार ठसे घ्या. मधला चांगला येतो.

दाजी, अकरा वर्षं तुम्ही कुणालाच विचारलं नाहीत?

आशा

•

२ जानेवारी २०२५

चि. आशा,

तुझं पत्र म्हणजे परीक्षेचा पेपरच. तरी सोडवलाय.

दारू: आजोबा म्हणायचे, मूठ सैल धरायची. मीही सैल धरतो. त्यांची मूठ केवढी होती हे कुणी मोजलेलं नाही.
गोळी: घरच्या साच्यात शिसं ओतून करतो. साच्यातून पडेल ती.
कापड: हाताला लागेल ते. एका साली सुदर्शनच्या शाळेच्या चड्डीचं होतं.
पुसणं: यात्रेत एकच बार असतो, त्यामुळं मध्ये पुसायचा प्रश्न येत नाही.

आता तुलाच कळलं असेल की मी कुठल्या वर्गातला विद्यार्थी आहे.

ठशाची गंमत ऐक. ग्रामपंचायतीत शाई मागायला गेलो. ग्रामसेवक म्हणाले, “बाबा, कसला दाखला काढायचाय?” मी म्हटलं, “बंदुकीच्या जन्माचा.” ते हसले आणि शाईची गादीच दिली. चार ठसे सोबत आहेत. मला तर सगळे सारखेच वाटतात, कढईखालच्या काजळीसारखे गोल.

थंडी लई आहे. सकाळी शेकोटीला बसतो, पण एकट्यानं शेकोटी पेटवली की लाकूडच जास्त जळतं.

सावळाराम दाजी

•

१४ जानेवारी २०२५

दाजी,

ठसे भिंग घेऊन पाहिले. तिसरा उत्तम आहे.

तीन आट्यांच्या तीन खाचा दिसायला हव्यात. दोन स्वच्छ दिसतात. तिसरी, म्हणजे घड्याळात चार वाजता असते त्या जागेची, पुसून गेली आहे. तिथली कडच झिजली आहे. नळी बाकी सगळी चांगली असली तरी गोळी शेवटी सुटते ती तोंडापाशी. एका बाजूची कड झिजली की तिकडून जळत्या दारूचा मागचा वारा आधी निसटतो आणि गोळीला सुटता सुटता धक्का बसतो. पाटावरून उठणाऱ्या माणसाचा एका बाजूचा पाय ओढावा, तसं.

ही झीज गोळ्यांनी होत नाही. वर्षाला एक बार करून तर नाहीच. एवढी कड लोखंडी गज घासूनच जाते, आणि तोही वर्षानुवर्षं एकाच बाजूनं.

बंदूक कोण साफ करायचं? कसं बसून? कशानं? नीट आठवून लिहा.

आशा

•

२४ जानेवारी २०२५

चि. आशा,

आठवायची गरजच नाही. डोळे मिटले की दिसतं.

बंदूक तुझी ताई, तुकाबाईच, साफ करायची. मला हात लावू द्यायची नाही. दसऱ्याला एकदा आणि यात्रेआधी आठ दिवस रोज. उंबऱ्यावर बसायची, दस्ता दोन्ही पावलांत धरायची, नळी डाव्या खांद्याला टेकवायची आणि उजव्या हातानं गज खालीवर. गजाच्या टोकाला चिंधी, चिंधीवर विटकरीची पूड. तांब्याभांड्याला लावतात तीच. खर्रक खर्रक आवाज पार देवळापर्यंत जायचा, आणि बायका म्हणायच्या, “यात्रा आली गं, तुकाबाईचा गज बोलाय लागला.”

अकरा वर्षांमागं पहिल्यांदा नेम चुकला तेव्हा ती म्हणाली, “माझंच घासणं कमी पडलं.” दुसऱ्या साली दुप्पट घासलं. तिसऱ्या साली हाताला फोड आले.

घासायचं ते तुझ्या सांगण्यावरून. तू नोकरीला नवी लागलीस तेव्हा पत्र लिहिलं होतंस ना, नळी आरशासारखी पाहिजे म्हणून. ते तिनं कधी मोडलं नाही. आशीचा शब्द म्हणजे सरकारी शब्द, असं म्हणायची.

मग आता यावर उपाय काय?

सावळाराम दाजी

•

३ मार्च २०२५

चि. आशा,

सव्वा महिना झाला, तुझं उत्तर नाही. पोस्टमन रोज रस्त्यावरूनच हात हलवून ‘नाही’ सांगतो. मी रोज बाहेर उभा असतो म्हणून त्यालाच आता वाईट वाटायला लागलंय.

माझी पत्रं तुला जड झाली असतील तर तसं कळव. म्हाताऱ्याला बोट दिलं की तो मनगट धरतो. बरी आहेस ना, एवढं तरी एका कार्डावर लिही.

सावळाराम दाजी

•

११ मार्च २०२५

दाजी,

मी बरी आहे. चार वेळा लिहायला बसले आणि चार वेळा कागद फाडला.

तुमची बंदूक मी बिघडवली. तेव्हा मला नोकरीला लागून सहा महिने झाले होते. चार शब्द शिकले होते आणि माहेरच्या सगळ्यांना अक्कल शिकवत सुटले होते. नळी आरशासारखी पाहिजे असं लिहिलं आणि मोकळी झाले. ताईनं ते तीस-पस्तीस वर्षं केलं. तिच्या हाताला फोड आले तेही माझ्यामुळं, आणि तुम्हाला गाव हसलं तेही. तुमचं पत्र वाचल्यापासून ती उंबऱ्यावर बसलेली दिसते आणि मला तिला “थांब” म्हणता येत नाही.

उपाय आहे. नळीचं तोंड बोटभर कापून नवीन कड पाडायची. घरी करू नका, गावच्या लोहाराकडून तर मुळीच नको, तो गुन्हा आहे. पुण्यात परवान्याचे कारागीर आहेत. कलेक्टर कचेरीची परवानगी काढावी लागेल. अर्ज मी लिहून देते, खेटे मी घालते. माझ्याकडं वेळच वेळ आहे. एवढं मला करू द्या.

आशा

•

२० मार्च २०२५

चि. आशा,

तुझं पत्र वाचलं आणि ट्रंक उघडली. तुझं ते जुनं पत्र तुकाबाईनं हळदीकुंकवाच्या डब्याखाली ठेवलं होतं. ते आत्ता माझ्यापुढं आहे. त्यातल्या ओळी जशाच्या तशा उतरवतो:

“बंदूक वापरत नसाल तेव्हा नळीत तेलाचा बोळा फिरवून ठेवा. नळी आरशासारखी राहते.”

बस, एवढंच आहे. वीट नाही, गज नाही, घासणं नाही.

तुझ्या ताईला अक्षर येत नव्हतं, पत्र मीच वाचून दाखवलं. तिनं विचारलं, “तेलानं आरसा कसा व्हईल वो? तेलानं तर मेणचट व्हतं.” मला काय ठाऊक! मी शाळेत गेलो नाही, मेंढरांमागं फिरता फिरता दुकानांच्या पाट्या वाचून वाचायला शिकलो. पण घरात माझा रुबाब असा, की यांना सगळं कळतं. ‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द जिभेवर येईनात. मी पत्राकडं बघून म्हणालो, “फुडं लिव्हलंय की. विटकरीची पूड लावून गजानं घासा.” तुझ्या तोंडी घातलं. तुझं नाव लावल्यावर ती परत काही विचारणार नव्हती.

आणि नेम चुकायला लागल्यावर ती “माझंच घासणं कमी पडलं” म्हणायची, तेव्हा मी काय म्हणायचो ठाऊक आहे? “पडत आसंल.”

जानेवारीतल्या पत्रात मी तुझं नाव घेतलं, तेही खोटंच. तेव्हाच ट्रंक उघडून बघायला हवी होती. खरं सांगायचं तर काय निघेल हे आतून ठाऊक होतं, म्हणून उघडली नाही. दोन महिने तू माझं पाप डोक्यावर घेऊन बसलीस आणि मी इथं रुसून पोस्टमनची वाट बघत होतो.

तोंड कापायचं म्हणशील तर यात्रा वीस एप्रिलला आहे, तोवर सरकारी परवानगी यायची नाही. आणि आली तरी मी कापणार नाही. तिच्या हाताचं या घरात दुसरं काही एवढं खोल उमटलेलं नाही.

माफ कर असं लिहिणार होतो, पण ते जिनं ऐकायला हवं होतं ती नाही.

सावळाराम

•

२७ मार्च २०२५

दाजी,

पत्र वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. राग आला नाही असं म्हणत नाही. आला. ताईला तुम्ही सांगायला हवं होतं. ते आता होणार नाही. बंदुकीचं होईल, तर ते बघू.

कड झिजली आहे, पण ती रोज वेगळी झिजत नाही. म्हणजे तिचा धक्का दर वेळी एकाच बाजूला असणार. तो एकटाच असता तर तुम्हाला अकरा वर्षांत उमगला असता. पण सैल मूठ, पडेल ती गोळी आणि सुदर्शनची चड्डी, असे तुमचेच नऊ घोळ त्याच्यावर बसलेत. चावडीवर दहा जण एकदम बोलत असले तर एकाचंही ऐकू येत नाही, तसं झालंय. नऊ जणांना गप्प करा.

औषधाच्या बाटलीचं एक टोपण ठरवा. दारू परवान्याच्या दुकानातली, एकाच डब्यातली, टोपण काठोकाठ. वर ढीग नको. दारू जास्त घालायचा मोह नको, जुनी नळी आहे. गोळ्या पंचवीस-तीस ओता आणि सोनाराच्या काट्यावर तोला. आत पोकळी राहिलेली गोळी हलकी भरते, ती परत वितळवा. मांजरपाट एकाच तुकड्यातला, एका मापाचा, मेण-चरबी लावलेला. दर बारानंतर ओला बोळा, मग कोरडा. ठासताना गजावर खूण करा, दर वेळी ती खूण तोंडाशी आली पाहिजे.

मग ठाण्यात रीतसर अर्ज करून दरडीवर पाच बार मारायची परवानगी मागा. मधोमध नेम धरायचा. कुठं लागतं ते मला कळवायचं. मध्ये काही सुधारायला जाऊ नका.

आशा

•

५ एप्रिल २०२५

चि. आशा,

परवानगी मिळाली. पाचच बार, तेही हवालदाराच्या समोर. ठाण्यातून स्नेहल नावाची पोरगी आली, खाकीतली, मोटारसायकलवर. आल्या आल्या म्हणाली, “बाबा, मी रायफल मारलीय, पन आसली ठासायची पयल्यांदाच बघतीय. फुटंल का वो?” मी म्हटलं, “फुटली तर आधी माझं तोंड फुटंल, तू कागद लिव्ह.”

तीस गोळ्या ओतल्या होत्या. घोडेगावचा सोनार काटा देईना, म्हणाला शिशानं सोन्याचा काटा बाटतो. शेवटी त्यानंच तोलून दिल्या. तिसातल्या अकराच एका वजनाच्या निघाल्या! म्हणजे आजवर मी काय काय झाडलंय देव जाणे.

दरडीला गवताचं पोतं लावलं, त्यावर जुनी चादर, चादरीवर काजळाचा ठिपका. पहिला बार ठिपक्याच्या डावीकडं. मी म्हटलं झालं, पुन्हा तेच. दुसरा मारला. स्नेहल ओढ्यापलीकडं जाऊन बघून ओरडली, “बाबा, त्याच्याच शेजारी!” तिसरा, चौथा. चारही भोकं माझ्या एका पंजाखाली झाकतात, आशा! ठिपक्यापासून बरोबर दीड वीत डावीकडं.

पाचवा मी मुद्दाम आजोबांच्या सैल मुठीनं भरला, काट्यावर नापास झालेली गोळी घातली. तू नको म्हणाली होतीस, पण मला बघायचं होतं. तो पोत्यालाच लागला नाही.

शेजारची लंकाबाई कमरेवर हात ठेवून बांधावर आली. “तुमच्या बारापायी माझ्या कोंबड्या अंड्यावरनं उठल्या. म्हातारपणी कुनाला माराय निघालाय?” चार वर्षांत ती माझ्याशी बोललेलं हे पहिलंच वाक्य. मला तेही गोड लागलं.

आता दीड वितीचं काय करायचं?

सावळाराम दाजी

•

११ एप्रिल २०२५

दाजी,

चार भोकं एका पंजात. आमच्या मैदानावर यावर सही झाली असती. पाचव्याबद्दल बाहेर उभं केलं असतं.

करायचं काहीच नाही. नारळावर नेम धरू नका. नारळाच्या दीड वीत उजवीकडं रिकाम्या जागेवर धरा, त्याच उंचीवर. लोक बघतील, ओरडतील. तुम्ही जागा सोडू नका. जी चूक दर वेळी तीच असते तिच्यावर भरवसा ठेवता येतो.

वारा असेल तर पडेपर्यंत थांबा. शुभेच्छा देत नाही, माप दिलंय.

आशा

•

२२ एप्रिल २०२५

चि. आशा,

नारळ फुटला.

सगळं सांगतो. सकाळी दार सारवलं, नातीनं, आरोहीनं, रांगोळी काढली. सुदर्शन सगळ्यांना घेऊन आला होता. चहाला पाच लिटर दूध आणलं. गाव आलं, पण पूर्वीसारखं नाही. तुकाबाई होती तेव्हा दीडदोनशे माणूस असायचं. यंदा म्हस्कू हलगीवाला धरून अकरा जण. बाकीचे थेट ओढ्यावर, खुर्च्या मांडल्यात तिथं. चहाला कुणी थांबलं नाही, “उशीर व्हतोय बाबा” म्हणाले.

ओढ्यावर बार भरला. टोपण काठोकाठ, गजाची खूण तोंडाशी. बंदूक उचलली आणि दीड वीत उजवीकडं धरली, आणि जो कल्ला झाला! “आवं बाबा, नारळ हिकडं!” “म्हाताऱ्याला दोन-दोन नारळ दिसत्यात!” “खांब तरी वाचवा रं!” शौर्य पळत आला आणि हळूच म्हणाला, “बाबा, थोडं डावीकडं घ्या.” मी म्हटलं, “लेका, डावीकडं ती आपली आपण जाती.”

रिकाम्या जागेवर नेम धरून उभं राहणं लई अवघड असतं गं. समोर दरड, उन्हात तापलेली, आणि तिच्यावर काहीच नाही. वारा पडला. बार काढला.

आधी पाणी उडालेलं दिसलं, मग करवंटी. म्हस्कूनं हलगी अशी बडवली की तिचं कातडं फाटलं. मला खांद्यावर घेतलं. शिनोली, पारगावपासून पाहुणे आले होते, सगळ्यांनी मोबाईलवर काढलं.

मग शौर्य माईकवर बोलला, की बाबांचा मान कायमचा. आणि पुढं म्हणाला, “फुडल्या सालापास्नं बाबांना पायी आणायचं न्हाई. वय झालंय. आपण गाडी पाठवू, साडेनऊला गाडी दारात, पावनेधाला मैदानात. मिरवणुकीत येळ जातो, पावणं ताटकळत्यात.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी म्हटलं, “बरं.”

संध्याकाळी सुदर्शन चाकणला गेला. दूध नासलं.

सावळाराम दाजी

•

३० एप्रिल २०२५

दाजी,

नारळाचं वाचून मी घरात एकटीच ओरडले. माझं मलाच ऐकू आलं नाही, पण समोरच्या खिडकीतल्या बाईनं पाहिलं.

आणि “बरं” वाचून तुमच्यावर तेवढीच चिडले. तुम्हाला काय पाहिजे होतं ते मला पहिल्याच पत्रात लिहिलंत. शौर्यला एकदा तरी सांगितलंत का? त्या पोरानं वाईट हेतूनं केलं नाही. त्याला वाटलं तुम्हाला नारळ पाहिजे. सगळ्या गावाला तेच वाटतं, कारण तुम्ही दर साली बंदूकच दाखवलीत. ‘मला माहीत नाही’ हे तीन शब्द तुमच्या तोंडून निघाले नाहीत आणि नळी झिजली. ‘मला एकटं वाटतं’ हेही तीनच आहेत.

मी शहाणपण शिकवत नाही, मीही तशीच आहे. मला ऐकू येत नाही म्हणून इथं कुणी हाक मारत नाही, आणि मी नऊ वर्षं त्यांना नावं ठेवत बसले. परवा घरमालकिणीला लिहून दिलं: दारावर थाप मारू नका, खिडकीपुढं रुमाल हलवा, मी येईन. तिनं आज सकाळी हलवला. पोह्यांना हिंग उसना पाहिजे होता. हिंग पोह्यांत कोण घालतं, मी विचारलं नाही.

कमिटीची हिशेबाची बैठक असेल ना आता? जा.

आशा

•

१४ मे २०२५

चि. आशा,

गेलो. बैठक देवळात होती. लाउडस्पीकरचं भाडं, मंडपाचे बांबू, सगळं झालं. शौर्य म्हणाला, “आजून कुनाला काय बोलायचंय?” मी उठलो. गुडघे असे वाजले की सगळ्यांनी मागं बघितलं.

म्हटलं, “गाडी पाठवू नका. मला नारळाचं काय न्हाई. तुमी दारात येता म्हणून मी बंदूक ठेवलीय. तुकाबाई गेल्यापास्नं माझ्याकडं कुणी येत न्हाई. मी पन कुनाला या म्हणलो न्हाई. आता म्हणतो. बंदूक न्यायला न्हाई, उगंच या.”

एवढंच बोललो आणि बसलो. कोपऱ्यात एक जण हसला, त्याला दुसऱ्यानं कोपरानं ढोसलं. शौर्य खाली बघून कागद सारखे करत राहिला. मग पुढचा विषय निघाला, पाण्याच्या टाकीचा. मी घरी आलो. आशा, बंदूक चुकल्यावर गाव हसायचं तेव्हा एवढं उघडं वाटलं नव्हतं.

आज सहावा दिवस. कुणी आलं नाही. लोक हिरडा गोळा करायला डोंगराला जातात, जाताना माझ्या दारावरून पाय उचलून जातात, जणू घरात आजारी माणूस आहे. शौर्य एकदा फाटकापर्यंत आला, घड्याळ बघितलं आणि परत गेला. तुला दोष देत नाही. तू माप बरोबर दिलं होतंस. काही बार लागत नाहीत.

मघाशी हे लिहिता लिहिता कडी वाजली. मांजर असेल म्हणून उठलो नाही.

मांजर नाही. लंकाबाई आहे. दारातच उभी आहे, हातात काही नाही, काही मागत नाही. म्हणते, “कवाधरनं हुबी हाय. आत या म्हणायला पन आर्ज करू का?”

पत्र ठेवतो.